उजव्या बुटावरची फुली

ता. ६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय अप्पा,

प्रभूच्या नावाने सलाम.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही ते उघडलंत, त्याबद्दल आधी आभार. आईला माती दिली त्या दिवशी मी जेवायलाही न थांबता निघून आलो, त्याला नऊ वर्षं होतील. नऊ वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही, म्हणून आपली नेहमीची सुरुवात करतो. इकडे सर्व ठीक, तिकडे तुम्ही ठीक असाल अशी आशा. गुडघा कसा आहे? अजून जमिनीवर मांडी घालूनच बूट शिवता, की खुर्ची घेतलीत? घेतली नसणारच.

माझं काम जोरात चाललं आहे. साधे बूट आम्ही हल्ली जवळजवळ करतच नाही. कुणाचा पाय वाकडा, कुणाचा एक आखूड, कुणाला बोटं नाहीत, अशा लोकांना डॉक्टर आमच्या वर्कशॉपात पाठवतात. सोल आणि टाचा मी करतो, वरचं चामडं मशीनवाल्या बाई शिवतात. बाई तोंडाने फटकळ आहेत, पण त्यांच्या शिलाईवर चूक काढून खडूची फुली मारायला तुम्हालाही जागा सापडायची नाही.

तुमची सून मजेत. शाळेतली मुलं तिला टरकून असतात आणि सुट्टीत तिच्याच भोवती घुटमळतात. चर्चला न चुकता जातो, हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो. रविवारचं शास्त्रवाचन माझ्याकडे असतं. लोक मला भाविक समजतात.

आता पत्राचं कारण. तुमच्या माळ्यावरच्या पेटीत लहान मुलांच्या पायाचे लाकडी साचे होते, ज्यांच्यावर चामडं चढवून आपण बूट बेततो ते. सहा-सात वर्षांच्या मापाचे असतील तर पाठवाल का? इथे मिळतात ते प्लास्टिकचे, आणि त्यांची बोटं कुठल्याच पोराच्या बोटांसारखी नसतात.

साचे कुणासाठी ते लिहायचं राहिलंच. आमच्याकडे एक मुलगी आली आहे. सहा वर्षांची. अनाथाश्रमातून. तीन आठवडे झाले. तीन महिने तिने आमच्याकडे राहायचं, संस्थेच्या बाई मधूनमधून येऊन बघणार आणि मग कोर्ट कायमचा कागद करणार. आली तेव्हा तिच्या कोटाला एकच बटण उरलं होतं आणि ते पडू नये म्हणून ती सारखी मुठीत धरून बसायची, म्हणून आम्ही तिला बटण म्हणतो. एक पाय अर्धा इंच आखूड आहे, चालताना जरा झुकते. बाकी फार गुणी. काही मागत नाही, पानात काही टाकत नाही, पाण्याचा पेला दिला तरी आभार मानते. शेजारीपाजारी म्हणतात, नशीब काढलंत. तुमच्या सुनेला मात्र कसली तरी काळजी लागली आहे. तिचं तिलाच माहीत.

लिहिण्यासारखं अजून पुष्कळ आहे, पण कागद संपला. (संपलेला नाही. तुम्हाला दिसतंच आहे.)

कळावे. साचे जमले तरच पाठवा, माळ्यावर स्वतः चढू नका.

आपला आज्ञाधारक


ता. २३ मार्च, रविवार

प्रिय अप्पा,

सलाम. साचे पोचले. पाच जोड, प्रत्येक तेल लावून पुसलेला, आणि सोबत तुमची एका ओळीची चिठ्ठी. "मुलीला उभी करून माप घे, बसवून घेऊ नकोस." जेवताना ती मी मोठ्याने वाचून दाखवली. तुमची सून म्हणाली, "तुमच्या घराण्यात यालाच प्रेमपत्र म्हणत असतील." मी हसलो आणि चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. अजून खिशातच आहे.

उत्तराला उशीर झाला त्याचं कारणही तीच चिठ्ठी. आता सगळं नीट सांगतो, मध्ये उठू नका.

आमच्या वर्कशॉपात माप घेताना गिऱ्हाईक आणि मी एकाच बाकावर शेजारी शेजारी बसतो. त्याचा डावा तो माझाही डावा. वीस वर्षं असंच चाललं आहे आणि कधी घोटाळा झाला नाही. पण तुमची आज्ञा! मी बटणाला कागदावर उभी केली, स्वतः तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली, आखूड पाय चाचपला आणि मापाच्या चिठ्ठीवर लिहिलं, "उजवा, अर्धा इंच चढ." तो माझ्या उजव्या हाताला होता, अप्पा. तिचा होता डावा.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. बूट करताना आठवणीवर जायचं नाही, चिठ्ठीवर जायचं, हे तुम्हीच माझ्या डोक्यात ठोकून बसवलेलं. चिठ्ठीवर उजवा, म्हणून मी उजव्या बुटाच्या सोलला अर्धा इंच चढ दिला. म्हणजे जो पाय आधीच लांब, तो आणखी लांब! जीव ओतला होता हो त्या बुटांत. तपकिरी चामडं, आतून मऊ अस्तर, कडेने दुहेरी शिलाई. मशीनवाल्या बाईसुद्धा म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला कधी असे करून दिले नाहीत तुम्ही." डाव्या-उजव्याचा त्यांनाही पत्ता लागला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी बटणाने ते घातले. चार पावलं चालली. मी विचारलं, "कसे आहेत?"

"छान आहेत. थँक्यू, काका."

जरा अडखळत होती, पण नवे बूट म्हटल्यावर सगळेच अडखळतात. मी खूश. गुरुवारी ती शाळेत गेली, शुक्रवारी गेली, शनिवारी तुमच्या सुनेबरोबर बाजार फिरून आली. तिन्ही दिवस विचारलं, तिन्ही दिवस "छान आहेत."

शनिवारी दुपारी मी सगळ्यांचे बूट पॉलिशला घेतले. बटणाचा डावा बूट उलटा केला आणि माझा हात थांबला. सोलचा पुढचा भाग घासून पांढरा पडला होता, आणि टाच कोरी. माझ्या हातून निघाली तशीच. तीन दिवसांत ती टाच एकदाही जमिनीला टेकलेली नव्हती. पोर तीन दिवस डाव्या पायाच्या चवड्यावर चालली होती, दोन्ही खांदे सारखे दिसावेत म्हणून.

मी तसाच बूट हातात धरून तिला हाक मारली. हाक जरा मोठ्याने गेली असणार, आपला आवाज तुम्हाला माहीत आहे. ती दारात आली. माझ्या हातातला बूट बघितला, माझं तोंड बघितलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, घाबरून लपली. दोन मिनिटांनी आली ती कोट घालून, हातात आपली पिशवी घेऊन. फ्रॉक, दात घासायचा ब्रश, सगळं भरलेलं. इतकं नीट भरलेलं, अप्पा, की तिला त्याची सवय आहे हे बघताक्षणी कळावं.

"संस्थेच्या बाई आज येतील की उद्या?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "अगं, बूट लागत होता तर बोलली का नाहीस?"

"आधीच्या घरी बोलले होते."

"काय बोलली होतीस?"

"दूध आवडत नाही म्हणून."

आधीच्या घराविषयी आम्हाला संस्थेने एवढंच सांगितलं होतं की जमलं नाही. दुधाचं आणि परत पाठवण्याचं काही नातं होतं की पोरीने आपल्या मनाशी लावलं, देव जाणे. तिच्या लेखी मात्र गणित पक्कं होतं. कुरकूर केली की पिशवी भरायची. म्हणून तिचं ते पाण्यालाही थँक्यू, म्हणून ती चकचकीत ताटं. तुमची सून पहिल्या आठवड्यापासून म्हणत होती, "सहा वर्षांचं पोर एकदाही हट्ट करत नाही, मला हे बरं वाटत नाही," आणि मी तिलाच वेड्यात काढत होतो.

मी रडलो. सरळ सांगतो, एवढा बाप्या माणूस हातात बूट घेऊन रडलो. मग तिला जवळ बसवलं, कोट काढला, दोन्ही बूट समोर ठेवले आणि तिचा पाय हातात धरून दाखवलं की हा आखूड, चढ हवा होता इकडे, आणि या शहाण्याने दिला तिकडे. खिशातला खडू काढला आणि उजव्या बुटावर ही मोठी फुली मारली.

"हे काय?" ती म्हणाली.

"चूक. माझी."

"मग आता तुम्हाला कोण रागावणार?"

"कुणी नाही."

"मग फुली कशाला?"

"दुरुस्त करायचाय ना. लक्षात राहावं म्हणून."

असं मी बोलून गेलो, आणि खडू खिशात ठेवता ठेवता मला तुमचा खडू आठवला.

अप्पा, आता पहिल्या पत्रात कागद संपवला होता तिथे येतो. मी एकोणीस वर्षांचा असताना तुमच्या वाढदिवसाला तुमच्यासाठी बूट केले होते. काळे. महिनाभर तुमची पाठ फिरली की शिवायचो. तुम्ही ते हातात घेतले, उलटे केले, टाचेवर फुली मारली आणि माझ्यासमोर ठेवून जेवायला बसलात. शब्द नाही. त्या दिवशी मी मनाने ते घर सोडलं. पायांनी सोडायला आणखी दोन वर्षं लागली. टाच वाकडी होती हे खरं आहे. पुढे मी स्वतः शंभरदा तपासून बघितली, वाकडीच होती. पण ते गिऱ्हाइकाचे बूट नव्हते, अप्पा. ते तुमच्यासाठी होते.

तुमच्या मनातही त्या फुलीचा अर्थ फक्त "दुरुस्त कर" एवढाच असेल. त्या शनिवारपर्यंत हा विचार मला शिवला नव्हता. असेल. पण तुम्ही तो बोलला नाहीत आणि मी विचारला नाही, आणि मधल्या मध्ये बावीस वर्षं गेली. हे मला लागलं होतं. खूप लागलं होतं. हे एक वाक्य तुम्हाला सांगायला मला एवढा वेळ लागला.

याहून लाजिरवाणी गोष्ट अजून पुढेच आहे. प्रभूने शिकवलेली प्रार्थना चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात, तेव्हा 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' ही पहिली हाक मी कधी मारलेलीच नाही. 'बाप' हा शब्द आला की मी खोकायचो, नाहीतर चष्मा पुसायचो, आणि पुढच्या ओळीपासून सुरात सूर मिसळायचो. बाप म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं, कुणीतरी माझं आयुष्य उलटं करून त्याची टाच बघतंय, हातात खडू. मग अशा देवापुढे माणूस काय करणार? चवड्यावर उभा राहणार. शास्त्रवाचन करायचो, आभाराच्या प्रार्थना करायचो, सगळं कसं छान चाललंय म्हणून सांगायचो. बारा वर्षं मूल झालं नाही, त्याबद्दल देवाला एका शब्दाने विचारलं नाही. आई गेली तेव्हाही "तुझी इच्छा" म्हणून मोकळा झालो. बुटावर फुली मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी वाचन संपवून जागेवर येऊन बसलो तर शेजारी बटण, हात जोडून, पाठ ताठ, अगदी आदर्श. आणि मला कळलं की या बाकावर पिशवी भरून बसलेले दोघं आहेत.

सोमवारी मी वर्कशॉपात त्या उजव्या बुटाचा चढ सोडवायला घेतला. मशीनवाल्या बाई जेवायला गेल्या होत्या. आरी चालवता चालवता मी देवाशी बोलू लागलो, आणि आभाराने सुरुवात करायची विसरलो. चक्क भांडलो. बारा वर्षांबद्दल भांडलो, आईबद्दल, तुमच्याबद्दल, आणि या पोरीला आधी दुसऱ्याच घरी का पाठवलं होतं त्याबद्दल. चांगला आवाज चढवून. बोलता बोलता कधी "अरे बापा" म्हणून गेलो ते कळलंच नाही. वरून वीज पडली नाही. उत्तरही आलं नाही. पण मला आतून इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. ज्या पोरीला मी काहीही झालं तरी परत पाठवणार नव्हतो, तिला ते ठाऊक नव्हतं म्हणून ती तीन दिवस पाय मोडून घेत होती. मग मलाच कुणी घालवून देणार आहे, हे मी कशावरून धरून बसलो होतो? मी डाव्या-उजव्यात गोंधळणारा माणूस, तरी मला तिचा एवढा लळा. देव तर चुकतही नाही.

बाई परत आल्या तर मी एकटा हसतोय. म्हणाल्या, "जेवून घ्या, उपाशी पोटी असं होतं."

बूट बुधवारी झाले. या वेळी चिठ्ठी लिहिली तेव्हा बटणाने स्वतःच्या डाव्या पायावर शाईने रेघ ओढून घेतली होती, विश्वास उडाला आहे तिचा. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. "छान आहेत," ती म्हणाली, आणि मी घाबरलोच. हे छान खरं की तेच जुनं, कसं ओळखायचं?

उत्तर पुढच्या रविवारी मिळालं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब आमच्याकडे जेवायला होते. मोठं माणूस घरी, म्हणून मी जेवणाची प्रार्थना जरा मन लावून करत होतो. आजारी, प्रवासी, राज्यकर्ते, सगळ्यांना घेत घेत चाललो होतो. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "काका, पुरे ना. माझी भाजी गार झाली. आणि ही भाजी मला आवडतही नाही."

मी डोळे उघडले. पाळकसाहेबांनीही उघडले. तुमची सून हातातला डाव तसाच धरून उभी. पोरीला स्वतःच्याच बोलण्याचा धक्का बसला असावा, तिची नजर हळूच तिची ती पिशवी टांगलेल्या खुंटीकडे गेली. मग पाळकसाहेब खो खो हसत सुटले. म्हणाले, "आमेन! गेली चार वर्षं मला हेच म्हणायचं होतं." तुमची सून हसता हसता डोळ्यांना पदर लावून आत पळाली. मी बटणाच्या ताटातली ती भाजी माझ्या ताटात ओढून घेतली आणि विचारलं, "मग काय आवडतं तुला?"

अप्पा, तिची यादी जेवण संपेपर्यंत संपली नाही.

आता रोज काही ना काही चालूच असतं. मी घोरतो. वेणी घट्ट बांधली. शाळेत बसायला शेजारी मिळालाय तो नाक ओढतो. डावा बूट चावतो. (खरंच चावत होता, टाचेशी. सैल करून दिला.) संस्थेच्या बाई बघायला आल्या तेव्हा तिने त्यांना माझ्या तक्रारी पंधरा मिनिटं सांगितल्या. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि जाताना माझा हात दाबून म्हणाल्या, "झालं हो तुमचं काम." आणि काल अंगणात शेजारणीने विचारलं, हे बूट कुणी केले गं? तर म्हणते कशी, "आमच्या बाबांनी. पहिल्यांदा चुकले होते." दुसऱ्या वाक्याची काय गरज होती? पण मी खिडकीत उभा राहून दोन्ही वाक्यं ऐकली, आणि मला राज्य मिळाल्यासारखं झालं.

आज सकाळी चर्चमध्ये मी पहिल्या शब्दापासून प्रार्थना म्हटली. खोकलो नाही. बटण वळून बघत होती, कारण माझा आवाज सगळ्यांच्या वर जात होता.

कोर्टाची तारीख ११ एप्रिल लागली आहे, शुक्रवार, सकाळी अकरा. अर्जात एका रकान्यात माझ्या वडिलांचं नाव लिहायचं होतं. कितीतरी वर्षांनी ते माझ्या हाताने लिहिलं, पूर्ण, ठळक. बटणाने विचारलं, "हे कोण?" म्हटलं, तुझे आजोबा. "मग ते कुठे आहेत?" म्हटलं, त्यांच्या घरी. "तुम्ही भांडलात?" "हो." "मग आता जा ना परत," म्हणाली, इतकं सोपं असल्यासारखं. आणि खेळायला गेली.

तुम्ही मला समजून घ्यावं, माझ्या कामाला चांगलं म्हणावं, म्हणून हे लिहीत नाही. ती भूक होती, फार होती, पण ती दुसरीकडे भागली आहे. या पत्रावर रागावलात, तर मी आणखी एक लिहीन. उत्तर दिलं नाहीत, तर तिसरं लिहीन. माझं तुमच्यावर प्रेम आहे, अप्पा. हे मी तोंडाने कधी बोललो नाही, तुम्हीही बोलला नाहीत, आणि दोघांपैकी कुणीतरी आधी बोलायला हवं.

कोर्टाच्या दिवशी घरातलं मोठं माणूस हजर असायला हवं का, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, कागदाला त्याची गरज नाही.

मला आहे. या.

तुमचा,
मुलगा